काढून टाकलेली खरखर

आईची ती एकच रेकॉर्ड होती. आई गायिका वगैरे नव्हती, रेकॉर्ड कंपनीत टायपिस्ट होती. तिथल्या कुणीतरी हौसेने एकदा तिच्यासमोर माइक धरला, आणि मांडीवरच्या तान्ह्या लेकीला थोपटत ती एक अंगाई गायली. ती लेक आता स्वतः आई झाली होती. आजी मात्र नात बघायला थांबली नाही.

"तायडे, सुई फिरली की खाच खरवडली जाते," स्टुडिओत काम करणारा मावसभाऊ म्हणाला. "दर वेळी मावशी थोडी झिजते. डिजिटल करून देतो, मग वाजव खुशाल दिवसभर."

"पण दादा, रेकॉर्डच्या आवाजाला ऊब असते..."

"ऊब कसली, धूळ! तुम्हा लोकांना धूळ ऐकायची हौस."

कुणी ठासून बोललं की तिला आपलंच चुकतंय असं वाटायचं. बाळाला टोपी घालण्यापासून सगळ्यात. तिने रेकॉर्ड दिली.

रेकॉर्ड परत आली, सोबत फाईलही. आवाज लख्ख, काचेसारखा. बाळ मात्र दचकून रडायला लागलं. तिने पुन्हा ऐकलं. आई गात होती, पण श्वास घेत नव्हती.

"गाण्याआधी नुसती खरखर असते ना," दादाने फोनवर समजावलं, "तेवढा तुकडा संगणकाला दाखवायचा. तो तसलं सगळं गाण्यातून वजा करतो."

"अरे, त्या तुकड्यात आई गप्प होती. नव्हती असं नाही."

"काढलेलं ठेवलंय वेगळं. पाठवतो. पण कचरा आहे हं."

दुपारी तिने तो कचरा पाळण्याशेजारी लावला. खरखर. त्यामागे श्वास. आणि थोपटणं... दोनदा, थांबून एकदा. प्रत्येक थापेला उजव्या हातातलं कडं किणकिणत होतं. डाव्या हातात आई घड्याळ घालायची. ते आता कपाटात होतं, ती गेल्यापासून बंद. ऐकता ऐकता बाळ गाढ झोपलं. फाईल संपली.

तुलना करावी म्हणून तिने बाहेरच्या खोलीत रेकॉर्ड लावली. सुई टेकली. खरखर नाही. लहानपणी तिनेच पाडलेला ओरखडा डोळ्यांसमोर फिरत होता आणि सुई त्यावरून अलगद जात होती. श्वास नाही, थोपटणं नाही. नुसता लख्ख आवाज.

"दादा... तू रेकॉर्डला काही केलंस का रे?"

"रेकॉर्डला काय करणार? एकदा वाजवली, झालं. का गं?"

फोन तिच्या कानाशी होता, आणि आतल्या खोलीतून थोपटण्याचा आवाज येत होता. दोनदा, थांबून एकदा. कड्यासकट.

धावत जाऊन बाळाला उचलायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या आईने उचललं असतं. ती दारात उभी राहिली. बाळाचं पांघरूण हलकेच दबत होतं, पुन्हा वर येत होतं. बाळ झोपेत हसत होतं. तिला भीती वाटली, पण हेवा त्याहून जास्त वाटला.

ती पाळण्याजवळ जमिनीवर आडवी झाली, लहानपणीसारखी, कुशीवर, पाठ तिकडे करून.

"आई," ती पुटपुटली, "मलाही..."

पाळण्यातलं कडं किणकिणतच राहिलं. आणि तिच्या पाठीवर दुसरा हात पडला. दोनदा, थांबून एकदा. कानामागे, अगदी जवळ, घड्याळ टिकटिकत होतं.