पाहुण्यांसाठी पिवळं औषध

ओरपिन पोहोचली तेव्हा खामून हत्तीण पुढचा पाय अधांतरी धरून उभी होती. भरत आलेली जखम भाजून पांढरी पडली होती. आसपास पोहण्याच्या तलावासारखा उग्र वास कोंदला होता.

ओरपिन जिल्ह्याची पशुवैद्यकीय अधिकारी. गुन्हेगार शोधायला तिला हत्तीतळाच्या मालकीणबाई बुआकेव यांनी बोलावलं होतं. तसा तो ठरल्यातच जमा होता. खामूनला पिल्लू असल्यापासून वाढवणाऱ्या दिपुनू माहुताचं गाठोडं फाटकाबाहेर पडलं होतं.

ठरवणारे होते तळाचे डॉक्टर विरुत. हा गृहस्थ हत्तीपेक्षा तळ बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या कॅमेऱ्याकडेच जास्त बघायचा.

"हे डोंगरातले लोक इडापिडा टळावी म्हणून शिकेकाईचं पाणी ओततात," विरुत म्हणाला. "औषध क्लोराइटचं. शिकेकाईसारखं आंबट काही लागलं की त्यातून जळजळीत वायू सुटतो. साधं रसायनशास्त्र आहे, मॅडम."

शास्त्र बरोबर होतं. ओरपिनला त्याचाच जास्त राग आला.

दिपुनूने काही लपवलं नाही. पाणी ओतलं, पण खामूनच्या डोक्यावर, पायावर नाही, असं तो म्हणाला. एरवी औषध डॉक्टरच लावायचे. आज त्यांना पाहुण्यांशी बोलायचं होतं, म्हणून बाटली दिपुनूच्या हातात दिली. त्याने ती जखमेवर ओतली आणि खामून किंचाळली.

बाटलीच्या तळाशी थोडं औषध उरलं होतं. ओरपिनने ते उजेडात धरून पाहिलं.

"डॉक्टर, ही तुम्हीच भरलीत?"

"अर्थात. असल्या माणसाला मी कपाटाची किल्ली देईन होय?"

"देताना रंग कसा होता?"

"पिवळाधमक. हे औषध पिवळंच असतं. पाहुण्यांनी काढलेल्या व्हिडिओतही दिसेल."

सरकारी बाईला काय कळतंय, असा त्याचा एकंदर आव होता.

ओरपिनने कपाटातला सीलबंद डबा मागवला आणि पेल्यात थोडं ओतलं. ते पाण्यासारखं नितळ होतं. तिने त्यात चिमूटभर हळद टाकली, तशी ती लाल झाली. बाटलीतल्या औषधात टाकलेली हळद मात्र पिवळीच राहिली.

"अस्सल औषध अल्कधर्मी असतं, म्हणून शांत राहतं," ती म्हणाली. "जखमेतलं रक्त त्याला हवं तेवढंच जागं करतं. आंबट मिसळलं तर सगळं एकदम उठतं आणि पिवळं होतं. तुमच्या हातून निघतानाच ते पिवळं होतं, डॉक्टर. पायावर उडालेली शिकेकाई तुमच्या बाटलीत कशी शिरली?"

विरुतने खाली बघितलं. "व्हिडिओत नुसतं पाणी ओतल्यासारखं दिसायचं. रंग यावा म्हणून लिंबू पिळलं. एवढ्याशा लिंबाने काय होतंय, असं वाटलं."

"शास्त्र ठाऊक असून पिळलंत. वर ते याच्यावर ढकललंत."

बुआकेवबाईंनी विरुतला त्याच पावली बाहेर काढलं आणि दिपुनूचं गाठोडं स्वतः उचलून आत आणलं.

दिपुनू साध्या पाण्याची बादली घेऊन खामूनजवळ गेला. तिने त्याच्या हातून ऊस घेतला. पण तो पायाशी वाकताच ती मागे सरली. पुन्हा वाकला, पुन्हा सरली.

"बाटली माझ्याच हातात होती ना," तो म्हणाला. "बाई, हिला तुम्ही कसं पटवून द्याल?"

ओरपिनने बादली त्याच्या हातून घेतली आणि स्वतः पाय धुवायला बसली. दिपुनू लांब उभा राहून बघत होता.