ब्रॅम अजून बसलाय

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. डोरीन मावशीनं सांगितलं तसंच सांगतोय. आणि मावशी रचून सांगणाऱ्यातली नाही. तिला साधा विनोदसुद्धा नीट सांगता येत नाही. शेवट आधी सांगून टाकते.

तारीख बारा नोव्हेंबर एकोणीसशे त्र्याण्णव, शुक्रवार. वेळ दुपारी साडेतीनची. जागा मावशीच्या सेजफर्डची, इंग्लंडातल्या नॉरफॉकच्या किनाऱ्यावरची. मातीचा बांध, त्याच्या पलीकडे खाजण, आणि खाजणात एकच काळा लाकडी खुंटा.

ज्यांनी भुतं मध्यरात्री येतात असं ठरवून ठेवलंय, त्यांनी तिथली नोव्हेंबरातली दुपार पाहिलेली नाही.

मावशीचा नवरा, क्लिफ हेलॉक. वय एकसष्ट. बदकांच्या शिकारीला लागणारे कुत्रे तयार करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बार उडाला, बदक पडलं, तरी क्लिफचा कुत्रा जागचा हलायचा नाही. मालक नाव घेईल तेव्हाच उठायचा. दुसऱ्या कुणी नाव घेतलं तर? कान हलायचा. बाकी काही नाही.

शिकवायची पद्धत अशी. कापडाच्या भरीव वळकट्या असतात, त्यांना डमी म्हणतात. क्लिफ नऊ डमी फेकायचा. कुत्रा बसलेला. मग क्लिफ स्वतः चिखलात जाऊन आठ उचलून आणायचा आणि एकच, नाव घेऊन, कुत्र्याला आणू द्यायचा. पडलेली प्रत्येक गोष्ट आपली नसते, हे कुत्र्याला कळावं म्हणून.

"नऊतल्या आठ तूच आणतोस," मावशी म्हणायची. "मग यात कुत्रा नक्की कोण?"

क्लिफ हसायचा. वरची कवळी दिसायची. तिचा पुढचा एक दात गळालेला होता. बसवून घेत नव्हता, कारण त्या फटीतून शिट्टी झकास वाजायची.

लांब एक शिट्टी. म्हणजे बस.

त्याचा ब्रॅम नावाचा काळा लॅब्राडोर होता. दर नोव्हेंबरात शिकारी मंडळाची परीक्षा व्हायची. कोणाचा कुत्रा शेवटपर्यंत हलत नाही, त्याला चषक. ब्रॅमनं तो चार वर्षं ओळीनं आणला होता.

ब्याण्णव सालच्या परीक्षेत मंडळाचा अध्यक्ष पर्सी मॅलेट बांधावर सगळ्यांसमोर म्हणाला, "क्लिफ, लेका, तू समोर असतोस म्हणून बसतो तो. पाठ फिरवून दाखव."

क्लिफनं ब्रॅमला खाजणात त्या खुंट्याशी बसवलं. लांब शिट्टी मारली. आणि सगळ्यांना घेऊन पबमध्ये गेला.

अर्धा ग्लास. मग एक. मग पर्सीनं आपल्या सासूचा किस्सा काढला. तो लांबला.

भरती सुरू झाली होती.

मावशी बांधावर एकटी. पाणी ब्रॅमच्या पोटाला लागलं तशी ती ओरडायला लागली. "ब्रॅम! ये! ब्रॅम!"

ब्रॅमनं तिच्याकडे पाहिलं. शेपटी एकदा हलवली, पाण्यातल्या पाण्यात. ओळख दिली म्हणा.

पण हलला नाही.

ती पबकडे धावली. दारातूनच ओरडली, "क्लिफ, त्याला बोलाव!"

"एक मिनिट थांब," क्लिफ म्हणाला. किस्सा संपत आला होता.

ते बांधावर पोचले तेव्हा खाजणात फक्त खुंट्याचं टोक दिसत होतं.

क्लिफ बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हलला नाही. पाहिलंत ना?"

मंडळाची बैठक झाली. बुडालेला कुत्रा हलला असं धरायचं का, यावर पाऊण तास चर्चा. भरतीनं वाहून नेला हे खरं, पण स्वतःच्या पायांनी हलला नाही, असं ठरलं. चषक क्लिफला.

मावशीनं तो चषक कधी पुसला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात क्लिफनं पिपला आणलं. तपकिरी, कानांनी मोठी, अकलेनं बेताची. हिला बस म्हणावं तर ही आडवी व्हायची. डमी हवेत असतानाच पळत सुटायची. एकदा तर डमी सोडून चर्चच्या पाळकबाईंची टोपी आणून दिली. पाळकबाई टोपीत होत्या तेव्हाच.

मावशीचा तिच्यावर फार जीव जडला.

क्लिफचा नाही. ऑक्टोबरात एका संध्याकाळी बंदूक पुसता पुसता तो म्हणाला, "परीक्षेच्या शनिवारी ही हलली, तर रविवारी ही नसेल."

"म्हणजे?"

"म्हणजे नसेल."

क्लिफ तोंडातून शब्द गेला की करायचा. मावशीला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हापासून ती चोरून पिपला शिकवायला लागली. क्लिफ कामावर गेला की बांधावर न्यायची. खिशात बिस्किटं. "बस गं बाई. जिवाचा प्रश्न आहे तुझ्या." पिप तीन सेकंद बसायची. तेही बिस्किट मोठं असेल तर.

आणि एका दुपारी, ओहोटी असताना, त्या काळ्या खुंट्यापाशी...

पिप बसली.

नीट. ताठ. मावशीनं डमी फेकली. हलली नाही. दुसरी फेकली. हलली नाही. एक बदक तिच्या नाकावरून गेलं.

ती फक्त डावीकडे बघत होती. कुणाला तरी विचारल्यासारखी.

डावीकडे कोणी नव्हतं.

चिखल होता. आणि चिखलात एक खळगा... कुत्रं बसून उठल्यावर उमटतो तसा.

फक्त, तिथून कुणी उठल्याच्या पाऊलखुणा नव्हत्या.

मावशीनं मला सांगितलं, "मला आधी बरंच वाटलं रे. म्हटलं, पोर वाचली."

मग घरात सुरू झालं.

पिप शेकोटीपुढे झोपायची, पण डावीकडे एका कुत्र्याची जागा सोडून. स्वयंपाकघराच्या दाराशी, ब्रॅम बसायचा तिथं, रोज सकाळी फरशी ओली. मावशीनं एकदा बोट लावून चाटून पाहिलं.

खारट.

"क्लिफ, घरात काहीतरी आहे," ती म्हणाली.

"ओल आहे," क्लिफ म्हणाला. "नोव्हेंबर आहे."

तर तो शुक्रवार. परीक्षा दुसऱ्या दिवशी. शेवटची तालीम म्हणून क्लिफ दोघींना घेऊन बांधावर आला. मावशीच्या हातात पिपचा पट्टा. धुकं होतं, पण खुंटा दिसत होता. भरतीला अजून अवकाश होता.

क्लिफनं नऊ डमी फेकल्या. पिप बांधावर बसलेली. हलली नाही.

"बघितलंस?" क्लिफ खूश झाला. "धाक दाखवला की कळतं."

मग तो नेहमीसारखा उचलायला निघाला. मध्ये एक ओहळ होता, गुडघाभर. तो ओलांडून पलीकडे गेला. खुंट्याजवळ पोचला. पहिल्या डमीसाठी वाकला...

आणि वाकलेलाच राहिला.

हळूहळू सरळ झाला. मावशीकडे वळला. इतका आनंद तिनं त्याच्या चेहऱ्यावर लग्नातही पाहिला नव्हता.

"डोरीन! अगं, अजून बसलाय!"

"कोण?"

"ब्रॅम! वर्ष झालं गं! हलला नाही!"

मावशीला तिथं काही दिसत नव्हतं. खळगा तेवढा दिसत होता. ओहळ भरायला लागला होता, पाणी चिखलावरून सरकत येत होतं. ते खळग्याला वळसा घालून पुढे जात होतं...

आत शिरत नव्हतं.

"क्लिफ, परत ये!"

तेवढ्यात शिट्टी वाजली.

लांब. एकच.

मावशी शपथेवर सांगते, क्लिफचे ओठ मिटलेले होते.

क्लिफ बसला. चिखलात. एकसष्ट वर्षांचा माणूस, हात पुढे टेकून, पाठ ताठ. त्या खळग्याच्या शेजारी.

मावशीला हसू आलं. तिला आजही त्याची लाज वाटते, पण आलं.

"ऊठ की रे! काय चाललंय तुझं?"

"बघू या आधी कोण हलतंय," क्लिफ म्हणाला. मान न वळवता.

पाणी त्याच्या कमरेला लागलं.

मावशी ओहळात उतरली. दोन पावलांत पाणी छातीपर्यंत. प्रवाहानं पाय उचलले. पट्ट्याला हिसका बसला, पिप बसल्या जागीच मागे ओढत होती, म्हणून मावशी बांधाला लागली. पुन्हा उतरली. पुन्हा तेच.

तिला कळलं होतं काय करायला हवं. वर्षापूर्वीच करायला हवं होतं ते.

"त्याचं नाव घे!" ती ओरडली. "क्लिफ! तू बसवलायस त्याला! नाव घे, सुटेल तो! तूही सुटशील!"

"मी आधी हलू?" क्लिफ म्हणाला. "मग जिंकला कोण?"

"क्लिफ!!"

"एक मिनिट थांब."

पाणी छातीला. मग गळ्याला. मावशी नाव घेत राहिली, त्याचं, पूर्ण नाव, आडनावासकट. त्यानं शेवटी मान वळवली. तिच्याकडे पाहिलं. आणि कमरेतून एकदा हलला, पाण्यातल्या पाण्यात.

ओळख दिली म्हणा.

पाणी हनुवटीला लागलं तेव्हा मात्र त्याचा चेहरा बदलला. डोळे मोठे झाले. त्यानं तोंड उघडलं.

"ब्रॅ..."

पाणी आत गेलं.

मग खुंट्याचं टोक. आणि मग इतका वेळ बसून राहिलेली पिप कुणी न सांगता उठली आणि डावीकडची जागा हुंगली.

तीन दिवसांनी क्लिफ सापडला. कवळी सापडली नाही. नऊ डमींपैकी एकही सापडली नाही.

मंडळाची बैठक झाली, हे सांगायला नको. पर्सी मॅलेट टोपी हातात घेऊन घरी आला.

"वहिनी, तुम्हीच साक्षीदार. क्लिफ शेवटपर्यंत हलला नाही ना? त्याच्या नावानं चषक ठेवायचा म्हणतोय."

मावशीनं विचार केला. त्यानं तोंड उघडलं होतं. आधी तोच हलला होता.

"नाही," ती म्हणाली. "हलला नाही."

तिनं आयुष्यात बोललेलं ते एकच खोटं. आणि ते कुणाला तरी पटलं नाही, असं तिला वाटतं.

मावशीनं घर विकलं. समुद्रापासून चाळीस मैल आत, आमच्या शेजारी राहायला आली. पिपला पुन्हा कधी बस म्हणाली नाही. पिप चौदा वर्षांची होऊन, सोफ्यावर, आडवी, मेली.

पण नोव्हेंबरात, धुकं असलं की...

मागच्या अंगणात एक कुत्रा भुंकतो. एकदाच. नाव घ्यावं तसा.

मग बराच वेळ काही नाही.

मग ओली पावलं. जड. कुत्र्याची नव्हेत.

सकाळी पायरीवर एक डमी असते. भिजलेली. खारट. कधी तीन वर्षं काहीच येत नाही, कधी एकाच आठवड्यात दोन.

मी एक हातात घेऊन पाहिलीय. कापडावर दातांचे ठसे आहेत. हलके, शिकवलेल्या कुत्र्यानं बदक न फाडता आणावं तसे. वरची ओळ अगदी सरळ.

पुढच्या एका दाताची फट आहे.

परवा आठवी आली.

मावशी आता अठ्ठ्याऐंशीची आहे. आठही डमी तिनं फडताळात ओळीनं लावल्यात. काल मी चहाला गेलो तर ती खिडकीशी बसली होती. ताठ. बाहेर धुकं होतं.

"नववी आली की संपेल ना गं मावशी?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"त्याची पद्धत विसरलास?" ती म्हणाली. "आठ तो आणायचा. नववीला दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेतात."