दहा मिनिटं पुढचं घड्याळ

समोरच्या बाकावरचा माणूस मानेमागे हात न्यायचा आणि तिचं लिहिणं थांबायचं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सराव परीक्षा व्हायची. ज्याला जी परीक्षा द्यायची असेल त्याने तिची जुनी प्रश्नपत्रिका आणावी, फोन ग्रंथपालबाईंच्या टेबलावर ठेवावा आणि दहाला बाई ‘सुरू’ म्हणाल्या की लिहायला लागावं, असा साधा मामला. भिंतीवरचं घड्याळ कधीचंच बंद पडलं होतं. तिचं स्वतःचं घड्याळ घाईघाईत घरी आरशासमोर राहिलं होतं. त्यामुळे वेळ कळायला एकच आधार उरला होता... त्या माणसाचं मनगट. त्याने मानेवर हात ठेवला की घड्याळाची तबकडी थेट तिच्याकडे बघायची.

तसे वेळेशी तिचे संबंध पहिल्यापासूनच बिनसलेले. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे नंबर तपासायची, तिथे तिचं काम चोख. पण अनुवादकाच्या परीक्षेत दीड तासात दोन निबंध लिहायचे म्हटलं की बाईसाहेब हरवल्याच! विषय ‘पाणी’ असला तर ही पृथ्वीच्या जन्मापासून सुरुवात करणार. प्रस्तावना अशी देखणी, की तपासणारा वाचतच राहील. मग पहिला निबंध लांबायचा आणि दुसरा अर्ध्या वाक्यात लटकायचा. दोनदा हेच झालं होतं. यंदा वयाची मर्यादा संपत होती, म्हणजे ही शेवटची संधी. दुकान सोडून दिवसभर शब्दांतच राहायचं हे तिचं जुनं स्वप्न होतं, आणि ते आता एका न संपणाऱ्या प्रस्तावनेत अडकून पडलं होतं.

“तू लग्नाला होकार देशील ना, तोही दुसऱ्या पानावर,” असं वहिनी तिला चिडवायची.

त्या रविवारी समोरचा हात पुन्हा मानेकडे गेला आणि तिने तबकडी पाहिली. वेळ संपतच आली होती की! तिने प्रस्तावनेचा मोह तिथेच आवरला, तीन मुद्दे धडाधड लिहिले, समारोप केला आणि पेन खाली ठेवलं. आता बाई ‘थांबा’ म्हणतील... पण बाई निवांत पुस्तकांना कव्हरं घालत बसल्या होत्या. ती वाट बघत राहिली. लिहिलेलं सगळं वाचून झालं, दोन चुका सापडल्या, त्या दुरुस्त झाल्या, तरी बाई गप्पच.

शेवटी ‘थांबा’ झाल्यावर जिन्यावर तिने त्या माणसाला गाठलं.

“अहो, तुमचं घड्याळ चुकीचं आहे.”

“चुकीचं नाही, दहा मिनिटं पुढे आहे,” तो म्हणाला. “आईने केलंय. मला कामावर उशीर होतो म्हणून.”

“मग होत नाही आता?”

“होतो ना. पुढे आहे हे मला माहीत आहे.”

ती हसली. मग तिच्या लक्षात आलं, आयुष्यात पहिल्यांदाच तिचे दोन्ही निबंध पूर्ण झाले होते. हे तिने त्याला सांगितलं. अर्थात आधी मागच्या दोन्ही परीक्षांची हकिकत, दुकान, वहिनी आणि वयाची अट, हे सगळं सांगून झाल्यावर. तोपर्यंत दोघं रस्त्याच्या टोकाशी पोचली होती आणि त्याने एकदाही तिचं बोलणं तोडलं नव्हतं.

“आणि तुम्ही काय करता?” तिने विचारलं.

“दात.”

“काय?”

“दात करतो. कवळ्या. दवाखान्यामागे आमची कार्यशाळा आहे.”

“आणि परीक्षा कसली?”

“पदवीची. बाहेरून.”

एवढ्यावर त्याचं बोलणं संपलं. त्याचे निबंधही तसेच, हे तिला पुढच्या रविवारी कळलं. ‘माझा आवडता ऋतू’ या विषयावर त्याने लिहिलं होतं: मला हिवाळा आवडतो. घाम येत नाही. पुढे अर्धं पान कोरं. ती इतकी हसली की ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

“अहो, थोडं खुलवून लिहा. नुसतं मत देऊन कसं चालेल? उदाहरणं द्या.”

“आणि तुम्ही थोडं आवरून लिहा,” तो म्हणाला. “प्लास्टर कालवलं की ते आपल्यासाठी थांबत नाही. तुम्ही भांड्यातच ढवळत बसता. साचा भरायच्या आत ते घट्ट होतं.”

मग असं ठरलं, की तिने त्याला खुलवायचं आणि त्याने तिला आवरायचं. सराव संपल्यावर दोघं कोपऱ्यातल्या टेबलावर आणखी एक फेरी घेऊ लागली. आधी कच्चा आराखडा, तोही चारच ओळींचा. समारोपाचं वाक्य सुरुवातीलाच समासात लिहून ठेवायचं, म्हणजे कुठे पोचायचंय ते ठाऊक असतं. अर्धा वेळ झाला की पहिला निबंध जिथे असेल तिथून गुंडाळायचा आणि दुसऱ्याला हात घालायचा. हे तिला सगळ्यात जड जायचं.

आणखी एक अडचण होतीच. घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे हे आता तिलाही माहीत होतं, त्यामुळे तिचं मन लगेच वजाबाकी करून आरामात पाय पसरायचं. यावर त्याने तोडगा काढला. दर रविवारी तो घड्याळ वेगळंच लावून आणायचा, ती लिहिण्यात बुडाली की मगच तिच्यासमोर ठेवायचा, आणि लिहून झालं की झटकन उचलून खिशात टाकायचा.

“आज किती पुढे होतं?”

“सांगणार नाही.”

“पाच मिनिटं? वीस?”

“चष्मेवाली, लिहा.”

चष्मेवाली! स्वतःच्या डोळ्यांना चष्मा नसताना हे नाव तिला मिळालं, आणि ते तिला फार आवडलं. दुकानात कुणी भिंतीवरची अक्षरं वाचत असलं की ती मधूनच गालात हसायची. रविवार शनिवारीच उजाडायचा. वहिनीने तर एक दिवस सरळ विचारलं, “परीक्षा कशाची देतेयस गं नक्की?”

परीक्षेच्या सकाळी तो केंद्राच्या फाटकाशी उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केसांत पाणी.

“फोन जमा केलात?”

“केला.”

“मग हे घ्या.” त्याने घड्याळ काढून तिच्या हातात ठेवलं. ते अजून त्याच्या मनगटाच्या उबेने कोमट होतं. “मी समोर चहाच्या टपरीवर आहे.”

“आज किती पुढे...”

“जा.”

ती जागेवर बसली. अकराची घंटा झाली. तिने सवयीने मनगटाकडे बघितलं. काटे बरोबर अकरावर होते! एक मिनिटही पुढे नाही. म्हणजे हाताशी राखून ठेवलेली मिनिटं नाहीतच. विसरला? की मुद्दाम केलं? आजच्या दिवशी? तिला रडू आलं, आणि त्याचा असा राग आला की पेनचं टोपण हातातून उडालं.

पण रागावायला तरी वेळ कुठे होता? तिने चार ओळींचा आराखडा मांडला. समासात शेवटचं वाक्य लिहिलं. विषय होता ‘शेजारी’. पहिल्या माणसापासून, पहिल्या गुहेपासून सुरुवात करायची फार इच्छा झाली... “भांड्यात ढवळू नका,” कुणीतरी कानाशी म्हणालं. ती थेट आपल्या जिन्यावरच्या शेजारणीपासून सुरू झाली. पहिला निबंध गुंडाळताना एक सुंदर परिच्छेद सोडून द्यावा लागला, त्याचं वाईट वाटलं. दुसऱ्यात मात्र हात असा चालला की मनगटाकडे बघायचं राहूनच गेलं. शेवटचा पूर्णविराम देऊन तिने बघितलं तेव्हा सहा मिनिटं शिल्लक होती. तिची स्वतःची, खरीखुरी सहा मिनिटं. तिने सगळं एकदा वाचून काढलं आणि घंटा झाली.

ती तरातरा टपरीवर गेली.

“घड्याळ बरोबर होतं!”

“हो.”

“हो काय? माझा दुसरा निबंध राहिला असता म्हणजे? ही शेवटची संधी होती माझी!”

“राहिला नसता.” त्याने चहाचा कप खाली ठेवला. “गेले चार रविवार ते बरोबरच होतं. तुम्ही चारही वेळा पूर्ण केलंत. आज झालं ना?”

“झालं,” ती म्हणाली, आणि सगळा राग एकदम कुठे गेला ते तिला कळलंच नाही. डोळे भरून आले. ती बाकड्यावर टेकली. घड्याळाचा सैल पट्टा तिच्या मनगटावरून खाली घसरला.

त्याने कप जागच्या जागी फिरवला.

“मला तुम्ही आवडता,” तो म्हणाला.

टपरीवर दूध उकळत होतं. ती पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. पुढचं वाक्य आलंच नाही.

“एवढंच?”

“मुद्दा एवढाच आहे.”

“फार त्रोटक उत्तर आहे हो.” तिने हसू ओठांत दाबलं. “उदाहरणासहित स्पष्ट करा.”

त्याचे कान लाल झाले. त्याने घसा खाकरला, कप उचलला, पुन्हा ठेवला.

“पहिल्या रविवारी... तुम्ही घड्याळासाठी मान उंचावत होता. बाईंच्या टेबलामागच्या कपाटाच्या काचेत मला दिसत होतं. माझी मान खाजत नव्हती. अजिबात नाही. तरी मी सारखा हात मागे नेत होतो. घरी आई म्हणाली, मान लाल कशाने झाली.” तो थांबला, आणि मग त्याने चक्क आणखी बोलायला सुरुवात केली. “आणि माझी परीक्षा महिन्यापूर्वीच संपली. तरी मी दर रविवारी येतोय. जुनेच प्रश्न सोडवतोय. हिवाळ्यावर मी आता तीन पानं लिहू शकतो. कुणाला दाखवणार? तुम्हालाच दाखवायची असतात मला सगळी पानं.”

एवढं तो एका दमात कधीच बोलला नव्हता. तिच्या मनात उत्तराची मोठी सुंदर प्रस्तावना तयार होऊ लागली. तो जिना, ते भिंतीवरचं बंद घड्याळ, तो मानेवरचा हात... तिने तोंड उघडलं, आणि ती सगळी बाजूला सारली.

“हो,” ती म्हणाली.

त्याला कळायला एक क्षण लागला. मग तो असा हसला की टपरीवाल्यानेही वळून बघितलं.

“प्रस्तावना नाही?”

तिने घड्याळ मनगटावरून काढलं आणि पर्सच्या तळाशी टाकून चेन लावली.

“ती आता सांगते,” त्याच्या शेजारी सरकत ती म्हणाली. “अगदी सुरुवातीपासून. दोन चहा सांग.”