नाहीबाईंचा होकार

विमानतळावर तिला सगळे नाहीबाई म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता, उलट जरा मिजासच होती. रात्री अकरानंतर तिच्या होकाराशिवाय एकही विमान उतरायचं नाही की उडायचं नाही, असा नियम. फोन मंत्र्याचा असो नाहीतर विमान कंपनीच्या मालकाचा, उत्तर एकच. भोवतालच्या वस्तीतली पोरंबाळं निवांत झोपतात ती कोणाच्या जिवावर?

त्या रात्री उशीर झाला तो नेमका तिच्या धाकट्या भावाला. तो मालवाहू विमानाचा वैमानिक. टॉवरवाल्याने त्याचा आवाज तिच्या फोनवर जोडून दिला.

"ताई, अकरा वीस झालेत. उतरू का?"

"इंधन आहे? कोणी आजारी?"

"छे गं, सगळं ठीक आहे."

"मग नाही. पलीकडच्या शहरात उतर."

"सख्ख्या भावालाही नाही! धन्य आहेस बाई. बरं, येतो."

"ये हं," ती सवयीने म्हणाली. निघताना 'जातो' कोण म्हणतं आपल्यात?

अर्ध्या तासाने खिडकीची काच थरथरली. डोक्यावरून विमान गेलं, चाकं टेकल्याचा आवाज आला, वस्तीतून तक्रारींचे फोन सुरू झाले. ती धावत खिडकीशी गेली. धावपट्टी रिकामी होती.

टॉवरवाला फोनवर चाचरत म्हणाला, "बाई, रडारवर काहीच नाही हो. पण परवानगी तुम्हीच दिलीत ना? 'ये' म्हणालात. टेपवर आहे."

भावाचा फोन लागेना. तासाभराने त्याचाच आला, पलीकडच्या शहरातून. उतरताना उजवं चाक बाहेर आलंच नव्हतं. तिथली धावपट्टी लांब, म्हणून निभावलं.

"आपल्या आखूड पट्टीवर आलो असतो तर खेळ खलास होता, ताई."

ती ढसाढसा रडली. जन्मभर म्हटलेलं 'नाही' कामी आलं होतं.

सकाळी धावपट्टीवर चाकाची ताजी काळी खूण दिसली. फक्त डाव्या चाकाची, थेट कुंपणापर्यंत गेलेली. कुंपण मात्र धडधाकट.

दुसऱ्या रात्री भाऊ तिच्याच घरी झोपला होता. तिने कामावरून नवऱ्याला तिसऱ्यांदा फोन केला.

"घोरतोय का?"

"अगं, भिंती हलतायत! आता मला झोपू दे."

ती हसली, आणि फोन ठेवते न ठेवते तोच पुन्हा वाजला. अकरा वीस.

"ताई, निघू का?"

भावाचाच आवाज. फार थकलेला.

तिने डोळे मिटले. नोकरीत पहिल्यांदाच ती जाणूनबुजून म्हणाली, "हो. निघ बाबा."

काच थरथरली. आवाज चढत गेला, मग दूर दूर गेला.

सुटले गं बाई, तिला वाटलं. फोन अजून कानालाच होता.

"बरं ताई, येतो."

तिने तोंडावर हात गच्च दाबून धरला.

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज काही आला नाही.