भट्टीपुढे हात जोडा

पाव घ्यायला आलेला तो तरुण काउंटरपाशीच थबकला. आत बेकरीवाला मामा नव्या जर्मन भट्टीपुढे डोळे मिटून, हात जोडून उभा होता. मग त्याने फडक्याने दार उघडलं आणि चटका बसताच "आई गं!" करत बोटं झटकली.

"हे... रोज असंच?"

"रोज," काउंटर सांभाळणारी मामाची भाची म्हणाली. तिच्या भुवईला पीठ लागलं होतं. "कंपनीचीच सूचना आहे. जर्मन लोक इतके भाविक असतील असं वाटलं नव्हतं!"

भट्टीवर पाटी होती – 'दार उघडण्याआधी हात जोडा.'

तरुणाचा चेहरा मैद्यासारखा झाला.

"ते भाषांतर... माझं आहे. हातमोज्याला जर्मनमध्ये म्हणतात हांटशू. हांट म्हणजे हात, शू म्हणजे जोडा – पायात घालतो तो! मला शब्द फोडून बघायची खोड आहे. कच्च्या प्रतीत 'हातमोजे घाला'ऐवजी गंमत म्हणून नुसतं 'हातजोडा' लिहिलं... आणि बदलायचं राहून गेलं."

"आणि पाटी रंगवणाऱ्याने मध्ये जागा सोडली!" तिला हसू आवरेना. पण मग तिने बाही वर सारली. मनगटावर भाजल्याचा लाल डाग होता. "तुमची गंमत आम्हाला ही अशी महागात पडली."

त्याची मान खाली गेली. पाव न घेताच तो निघून गेला.

"पळाला," मामा म्हणाला. तिला उगाचच चुकल्या-चुकल्यासारखं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो जाडजूड हातमोजा घेऊन हजर. एकच. डावा.

"आणि उजवा?"

"उद्या आणतो."

"आजच का नाही आणला?"

"मग उद्या... काय सांगून येऊ?"

तिने पटकन पाठ फिरवली आणि मळून झालेलं पीठ पुन्हा मळायला घेतलं.

उजवा आला. मामाची जोडी आली. पाटीही बदलली. निमित्तं संपली, तरी तो रोज एक पाव न्यायला येतच राहिला. एका निवांत दुपारी तो काउंटरवर बोटं वाजवत म्हणाला, "एक वाक्य जर्मनमध्ये पाठ करून आणलंय..."

"मराठीत बोला. आणि फोडाफोड नको."

तो घुटमळला. "मला तुम्ही... फार आवडता. पाव तर मला मुळीच आवडत नाही."

"अगं, पाव जळतोय!" आतून मामा ओरडला.

"जळू दे, मामा," ती तरुणावरची नजर न हलवता म्हणाली. "हं... पुन्हा एकदा सांगा बघू."