तेवीस गुच्छांचा फरक

माझ्या खुर्चीत एक परका माणूस ऐसपैस बसून पडद्यावर माझी दीर्घिका बघत होता!

"ओ, ही जागा माझी आहे," मी फणकाऱ्याने म्हटलं.

"आणि ही दीर्घिका?"

"तीही माझीच."

"अरे बापरे... मग मी उभा तरी कुठे राहू?" असं म्हणून तो हसला, आणि माझा निम्मा राग तिथेच वाया गेला.

तो दुसऱ्या संस्थेतून आलेला पाहुणा. लंबगोल, म्हाताऱ्या दीर्घिकांभोवती ताऱ्यांचे गोल गुच्छ असतात. फोटोत नुसते ठिपके दिसतात. ते दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत मोजायचे, हा आमच्या मार्गदर्शक बाईंचा नियम. आकडे जुळले नाहीत, तर दुपारभर एकाच पडद्यासमोर बसून ठिपक्यांवरून भांडायचं आणि मग पुन्हा मोजायचं. जुळले की काम संपलं, पाहुणा परत.

तीन आठवडे आमचे आकडे काही जुळेनात.

"हा गुच्छच आहे," मी म्हणायची.

"छे! साधा तारा आहे तो, वाटेत कडमडलेला."

"नीट बघ जरा."

"बघतोच आहे की..."

"पडद्याकडे बघ!"

शेवटी बाईंचा पारा चढला. "तेवीसचा फरक? शाळेतली पोरं बरी मोजतील! बस झालं. उद्यापासून मोजणी दुसऱ्यांकडे, आणि तू उद्याच परत जा."

बाई गेल्या.

"एक सांगू?" तो चाचरत म्हणाला. "मी मुद्दाम अकरा गुच्छ सोडायचो. जुळलं असतं, तर तुझ्याशेजारी कुणी बसू दिलं असतं मला?"

"लाज नाही वाटत? इतक्या मेहनतीचं काम—"

"वाटते ना! खरा आकडा वहीत लिहून ठेवलाय. पण थांब... मी अकराच सोडले. मग उरलेले बारा?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. कान नुसते तापले होते.

"...ते बारा मी जास्तीचे धरले. खरा आकडा माझ्याही वहीत आहे," मी पुटपुटले.

दोन्ही वह्या उघडल्या. चारशे सात. चारशे सात.

"जाऊ नकोस ना," मी म्हणून टाकलं. "मला तू हवा आहेस."

आम्ही तसेच बाईंकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. बाईंनी अर्धा तास आमची बिनपाण्याने केली आणि शिक्षा सुनावली: प्रकल्पातल्या उरलेल्या चाळीस दीर्घिकांचे गुच्छही दोघांनीच मोजायचे, आणि तेही खरे खरे!

परत आलो, तर तो दारातच घुटमळला. मी माझी खुर्ची थोडी बाजूला सरकवली.

"उभा काय राहिलास? बस की."