भैरूचा बावटा

चिंचवड आणि पिंपरीच्या मधल्या रुळांवर मी गँगमन होतो. भैरू माझ्या जोडीला. दिवेलागणीला मद्रासची एक्स्प्रेस यायची, आमच्याकडं न थांबता पुण्याला निघून जायची. ती येण्याआधी रूळ बघून ठेवायचे, एवढंच काम.

छप्पन सालच्या थंडीत एका संध्याकाळी रूळ तडकलेला दिसला. मी स्टेशनात वर्दी द्यायला धावलो. भैरू लाल बावटा घेऊन गाडीला सामोरा गेला. गाडी थांबली, पण त्याला चाकाखाली घेऊनच. आम्ही त्याला बाहेर काढत होतो, तेव्हा खिडकीतून कुणीतरी विचारलं, अजून किती वेळ लागेल? खाली एकही उतारू उतरला नाही.

तेरावं झालं आणि गाडी रोज त्याच जागी थांबायला लागली. ड्रायव्हर सांगायचे, रुळात माणूस बावटा धरून उभा आहे. आम्ही जाऊन बघावं, तर रूळ धड, माणूस नाही. नुसता रक्ताचा ओला वास. उतारूंच्या तक्रारी वरपर्यंत गेल्या. मग साहेबानं भैरूच्या बायकोला, दुर्गाबाईला, बोलावून घेतलं आणि सांगितलं, तुझ्या नवऱ्याला समजाव.

गाडीच्या वेळेला ती मला सोबत घेऊन रुळाकडेला उभी राहिली. काळोख दाटत होता. वरच्या तारा गुणगुणायला लागल्या. ती अगदी हळू बोलली.

"धनी, सोडा आता... ज्यांच्यापायी मेलात, त्यांनी तुमचं तोंड बी बघितलं न्हाई. जाऊ द्या त्यास्नी... जातील तिथं."

गाडी धडधडत निघून गेली. त्यानंतर तिचं रोजचं थांबणं बंद झालं. साहेब खूश झाला.

पुढच्या हिवाळ्यात, दाट धुक्यात, रूळ तिथंच तडकला. मी एकटा होतो. बावटा उंच धरून धावलो, तर हात एकाएकी जड झाला, वर राहीना. गारठ्यानं असेल, असं वाटलं. डाव्या हातानं उजवा कसाबसा पेलून धरला. इंजिन अगदी माझ्या छातीशी येऊन थांबलं.

ड्रायव्हर खाली उतरला. बावटा दाखवायचा की नाही, ते तुम्ही दोघांनी आधी ठरवून घ्यायचं, असं तो चिडून म्हणाला. मी म्हटलं, मी एकटाच आहे.

त्यानं माझ्या खांद्यामागं नजर टाकली. आवाज खाली आला.

"मग तुझा हात... खाली ओढतोय, तो कोण?"